साखराबाईची बोली

शेषेरावांची लेक शिवांगी बँकेच्या परीक्षेत पास झाली तेव्हा त्यांनी गावभर पेढे वाटले. तिची नेमणूक कुठं झाली ते कळलं, तेव्हा मात्र त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कर्नाटकात, शिवमोग्याच्याही पलीकडं, तीर्थहळ्ळीच्या पुढं डोंगरात कुठंतरी एक लहानसं गाव होतं आणि तिथं सरकारी बँकेची शाखा होती. हरिओमनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, फोनवर नकाशा काढून दाखवला. सगळा पडदा नुसता हिरवागार. शेषेरावांनी चष्मा वर करून बघितला, खाली करून बघितला आणि विचारलं, यात गाव कुठं आहे? हरिओम म्हणाला, झाडांच्या खाली असेल आप्पा.

शेषेराव रेणापूर तालुक्यातले शेतकरी. रानात उभं राहिलं की चारी बाजूंनी आभाळ जमिनीला टेकलेलं दिसावं अशा मुलखात त्यांची हयात गेली होती. तुळजापूर, अक्कलकोट, एकदा हैदराबाद, एवढाच त्यांचा प्रवास. पण लेकीला एकटीला पाठवायचं त्यांच्या मनाला पटेना. गाड्या बदलत जाते, रेल्वे आहे, असं शिवांगी सांगून बघत होती. त्यावर ते एवढंच म्हणाले, रेल्वेत टाकून द्यायला ती काय सोयाबीनचं पोतं आहे का? शेवटी ठरलं की दिवाळी झाली की हरिओमच्या गाडीनं सगळ्यांनी मिळून जायचं आणि पोरीला जागेवर बसवून यायचं. हरिओम लातूरच्या कॉलेजात शिकवायचा, त्यानं रजा काढली. त्याची बायको वर्षाराणी हिच्या शाळेत परीक्षा होत्या, ती लहानग्याला घेऊन लातुरातच राहिली.

साखराबाईला कुणी काही विचारलं नाही. विचारायची तशी रीतच नव्हती, कारण ती काही बोलायची नाही. शेषेरावांची बायको म्हणजे कमी बोलणारी बाई, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. बाया ओट्यावर बसून तासन्‌तास बोलायच्या, साखराबाई शेंगा फोडत ऐकायची आणि विचारलंच तर हाव न्हाई करायची. शेषेरावांना तिच्या या स्वभावाचं कौतुकच होतं. घरात भांडण नाही, तंटा नाही, हे तिच्या अबोलपणामुळंच, असं ते चारचौघांत सांगायचे.

तिचं माहेर देगलूरच्या पलीकडं, हद्द ओलांडल्यावर लागणारं एक खेडं. तिकडं घरात कानडी चालायची. लग्न होऊन ती रेणापूरकडं आली तेव्हा सतरा-अठरा वर्षांची होती आणि मराठी बोलायला गेली की बाईचा बाप्या आणि बाप्याची बाई करायची. भाकरी झाला, म्हणायची. सासरा आली, म्हणायची. गल्लीतल्या पोरी तिची नक्कल करून पोट धरधरून हसायच्या. त्यात कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पण ती हळूहळू बोलायचीच थांबली, आणि पुढं मराठी नीट यायला लागली तरी थांबलेलं बोलणं काही परत सुरू झालं नाही. आईबाप गेले, भाऊ हैदराबादकडं निघून गेला, माहेर मोडलं. शेषेराव पूर्वी सासुरवाडीला जायचे तेव्हा पुढच्या सोप्यात पुरुषांत बसायचे आणि मेहुणे त्यांच्याशी मराठीतच बोलायचे. बायको आत माजघरात काय बोलते, कशी बोलते, हे कधी त्यांच्या कानावर पडलंच नव्हतं.

निघायच्या दिवशी साखराबाईनं कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, धपाटे, लोणचं असं सगळं बांधून घेतलं. शिवांगीच्या सामानानं डिकी भरली होती, म्हणून भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन ती मागं खिडकीशी बसली. तिच्या शेजारी शिवांगी, पुढं बापलेक.

सोलापूर गेलं, भीमा ओलांडली, विजापूरकडचा सपाट मुलूख लागला. इथवर शेषेरावांना बरं वाटत होतं. हीच काळी माती, हीच तूर फुलावर आलेली, हीच ज्वारी. फक्त पाट्या बदलल्या होत्या. दुकानांवर, दगडांवर, एसट्यांवर सगळी गोल गोल अक्षरं. आयुष्यभर रोज पेपर वाचणारा माणूस, त्यांना एकाएकी आपण अडाणी झाल्यासारखं वाटायला लागलं. माझ्या लेकीला रोज ह्यातच राहायचं आहे, हा विचार त्यांना टोचत राहिला. रात्री हुबळीला लॉजवर मुक्काम केला तेव्हा ते हरिओमला बाजूला घेऊन म्हणाले, बदलीसाठी अर्ज लगेच करता येतो का ते विचारून ठेव.

दुसऱ्या दिवशी हुबळी सोडली आणि थोड्या वेळानं जमीन उठायला लागली. आधी साग, मग वेळूची बेटं, मग नाव माहीत नसलेली उंचच उंच झाडं. शिरसीकडं जाणारा रस्ता त्या झाडांतून वळवळत वर चढत होता. खाली दरीत सुपारीच्या बागा, एकेक झाड काठीसारखं सरळ, आणि त्याच्या अंगावर चढलेल्या मिऱ्याच्या वेली. वळणावळणाला कुठून तरी पाणी खळखळत रस्त्यावर यायचं आणि पलीकडं निघून जायचं. शेषेराव मान वळवून वळवून ते पाणी बघत होते. ज्या लातूरला एका उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथला हा माणूस. इथं कुणी ते अडवतही नव्हतं, बघतही नव्हतं. पण आभाळ दिसत नाही याचा त्यांना त्रास होत होता. झाडांतून कधी हाताएवढं, कधी टोपीएवढं निळं दिसायचं, बास. त्यांनी दोनदा काच खाली केली आणि दोनदा वर केली.

एका उतारावर हरिओमनं गाडी जरा जोरात सोडली होती. तेवढ्यात मागून साखराबाई म्हणाली, "हळू घे. पुढं वळण हाय."

हरिओमला वाटलं, आई घाबरली. त्यानं हो हो म्हटलं, आणि खरंच झाडाआड लपलेलं एक आखूड वळण समोर आलं. ते त्यानं कसंबसं काढलं. थोडं पुढं गेल्यावर साखराबाई पुन्हा म्हणाली की इथं हत्ती रस्ता ओलांडतात म्हणे, भोंगा वाजवू नको.

शिवांगी तिच्याकडं वळून बघायला लागली. आईची नजर खिडकीबाहेर होती आणि ओठ हलत होते. पुन्हा एक पिवळी पाटी आली, तशी शिवांगीनं आईच्या तोंडाशी कान नेला. "मुंदे तिरुवु इदे," आई पुटपुटत होती, अक्षराला अक्षर जोडत, पहिलीच्या पोरीसारखी.

"आई, तुला वाचता येतं?" शिवांगीनं विचारलं.

साखराबाई दचकली. पदर सारखा करत ती म्हणाली, "थोडं थोडं. चौथीपस्तोर शाळेत गेल्ते मी. कानडी शाळा व्हती आमच्या गावात."

हरिओमनं गाडी बाजूला घेतली. शेषेरावांची बायको बचत गटाच्या कागदावर अंगठा उठवायची. रेशनच्या दुकानात अंगठा, ग्रामपंचायतीत अंगठा. तिला अक्षरओळख नाही, हे त्यांनी स्वतः दहा ठिकाणी सांगितलं होतं. त्यांनी मान वळवून विचारलं, हे कधी सांगितलं का नाही. ती म्हणाली, तुमची अक्षरं येगळी हायत, इथली तिथं काय कामाची? रागानं नाही, एखादा जुना पितळी गंज फळीवर ठेवून दिल्याचं सांगावं तसं सांगितलं तिनं.

मग दिवसभर शिवांगीनं तिला सोडलं नाही. ही पाटी वाच, ती वाच. शाळा आली की शाळेचं नाव, देऊळ आलं की देवाचं नाव. सुरुवातीला साखराबाई अडखळत होती, जोडाक्षराला थांबत होती. दुपारपर्यंत चालत्या गाडीतून वाचायला लागली. जोगच्या धबधब्याशी ते थांबले, कठड्याला टेकून भाकरी खाल्ली. पाऊस सरल्यामुळं पाणी बारीक झालं होतं, तरी ते इतक्या खोल पडत होतं की खाली पोचायच्या आधीच त्याचं धुकं होत होतं. शेषेरावांनी तेवढ्यापुरती बदलीची फिकीर बाजूला ठेवली. साखराबाई मात्र धबधब्याकडं पाठ करून तिथला माहितीचा मोठा फलक वरपासून खालपर्यंत वाचत उभी होती.

रात्री सागर गावात मुक्काम करून तिसऱ्या दिवशी सकाळी निघाल्यावर होसनगरच्या पुढं धुकं उतरलं आणि फोनमधला नकाशा थांबला. हरिओम अंदाजानं एका फाट्याला वळला. रस्ता अरुंद होत होत शेवटी एका कौलारू घराच्या अंगणातच जाऊन संपला. अंगणात बांबूच्या चटयांवर सुपारी वाळत घातली होती. एक म्हातारा गडी आणि एक बाई सुपारी निवडत बसले होते, ते उठून उभे राहिले. हरिओमनं काच खाली करून हिंदीत विचारलं, मग इंग्रजीत. दोघं नुसते बघत राहिले.

तेव्हा साखराबाईनं गाठोडं खाली ठेवलं, दार उघडलं आणि ती उतरली.

शेषेरावांना वाटलं होतं, ती दोन शब्दांत रस्ता विचारून येईल. पण ती बोलायला लागली आणि थांबेना. तिचा आवाजच वेगळा निघाला, भरलेला, मोकळा, जरा चढा. हात हलवत होती. मध्येच काहीतरी म्हणून ती खळखळून हसली आणि ती बाईही हसली. कुठल्या गावच्या, कुठं निघालात, पोरगी कुठली, असं काहीबाही चाललं असावं, कारण दोघींनी वळून शिवांगीकडं बघितलं. शेषेराव काचेतून बघत होते. इतकी वर्षं एका ताटातलं जेवलेली बाई, पण ही कोण आहे हे त्यांना कळेना. त्यांना तिचं नवल वाटत होतं, आणि थोडा हेवाही वाटत होता, त्या सुपारीवाल्या बाईचा.

ती परत आली ती केळ्यांची फणी घेऊन. रस्ता सांगितला, मागं जाऊन डावीकडं. शेषेरावांनी विचारलं, एवढा वेळ काय बोलत होतीस? ती म्हणाली, काही न्हाई, आपलं असंच. गाडी वळली तरी तिच्या चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलं नव्हतं.

गावात पोचले तेव्हा दुपार कलली होती. डोंगराच्या कुशीत एकच रस्ता, दोन्ही बाजूंना उतरत्या कौलांची दुकानं, वर धुक्यातून डोकावणारी कॉफीचे मळे. बँकेतल्या एका कारकुनानं शिवांगीसाठी खोली बघून ठेवली होती. तो मोटरसायकलवर पुढं आणि हे मागं, असे ते गावाबाहेरच्या एका घराशी आले. घर गिरिजम्मा नावाच्या बाईंचं. सत्तरीच्या, उंच, सडसडीत, नवरा वारलेला, मुलगा बेंगळुरूला. माडीवरची खोली द्यायची असं आधी ठरलं होतं. पण गिरिजम्मांनी शिवांगीला बघितलं, तिचं सामान बघितलं, कारकुनाला काहीतरी विचारलं, आणि मान हलवली.

कारकुनानं मोडक्या हिंदीत सांगितलं ते असं की, मागं अशीच एक उत्तरेकडची मुलगी इथं राहिली होती. तिला गिरिजम्मांचं बोलणं कळायचं नाही, यांना तिचं. पोरगी रोज रडायची आणि या खाली ऐकत बसायच्या. महिन्याभरात ती पोरगी नोकरी सोडून गेली. गिरिजम्मा म्हणतात, मला आता तो घोर नको. भाषा येणारी मुलगी असेल तर आणा.

शेषेरावांना, खरं सांगायचं तर, आतून सुटल्यासारखं झालं. देवानंच सोय केली असं त्यांना वाटलं. ते तोंडानं मात्र गंभीरपणे म्हणाले, ठीक आहे, बाईंचंही बरोबर आहे. परत जाऊ. परीक्षा काय पुढच्या साली पुन्हा असतात. शिवांगी गाडीच्या दाराशी बसून बुटाची नाडी सोडत होती आणि पुन्हा बांधत होती. तीन वर्षं लातुरात, भावाकडं न राहता क्लासजवळच्या एका खोलीत चौघी जणी राहून तिनं अभ्यास केला होता. शेषेरावांना ती नाडी दिसत होती, पण ते हरिओमला म्हणाले, गाडी फिरव.

साखराबाई त्यांच्यापुढं येऊन उभी राहिली. चारचौघांत नवऱ्यापुढं असं उभं राहून बोलायची तिची सवय नव्हती.

"मी तुमच्या घरात आले तवा मला धड पानी मागता येत नव्हतं," ती म्हणाली. "कुणी मला म्हनालं न्हाई, चल, परत जाऊ. म्हनालं असतं तर मी गेले असते, पळत गेले असते. मग ह्या दोगांची आई कोन झाली असती?"

शेषेरावांनी शिवांगीच्या बुटाकडं बघितलं.

"तिला तर नोकरी हाय," साखराबाई म्हणाली. "आन फोन हाय. आन मी हाय."

एवढं बोलून ती वळली, पायरीशी चपला काढल्या आणि अम्मा म्हणून हाक मारत सरळ गिरिजम्मांच्या घरात गेली.

बाहेर बापलेक आणि शिवांगी अंगणातल्या कट्ट्यावर बसून राहिले. कारकून बँकेत काम आहे म्हणून निघून गेला. आतून आधी फक्त साखराबाईचाच आवाज येत होता. मग मध्ये मध्ये गिरिजम्मांचा. मग भांड्यांचा. मग गिरिजम्मा मोठ्यानं हसल्या, कसलातरी शब्द दोनदा तीनदा म्हणून हसल्या. ते हसणं शेषेरावांच्या ओळखीचं होतं. गल्लीतल्या पोरी अशाच एकेक शब्द धरून हसायच्या. आता ही गप्प होईल, त्यांना वाटलं. ते कट्ट्यावरून अर्धे उठले. पण आतून साखराबाईचंही हसणं आलं, त्यांच्याहून मोठं.

पुढं कळलं ते असं. साखराबाईची कानडी म्हणजे बिदरकडची, रांगडी. इकडं या म्हणायला बन्नी म्हणतात, ती म्हणाली बर्री. गिरिजम्मांना ते फार गोड वाटलं. त्या म्हणाल्या, तू भांडायला आल्यासारखी कानडी बोलतेस. साखराबाई म्हणाली, आमच्याकडं पाणी कमी, त्यामुळं भाषाही कोरडी, तुमच्याकडं शब्दसुद्धा भिजलेले. यावर दोघी हसल्या होत्या. लेकीला भाषा येत नाही हे तिनं कबूल केलं, ती चूक माझी म्हणाली, मी घरात कधी बोललेच नाही. पण पोरगी हुशार आहे, मी रोज संध्याकाळी फोनवरून तिला शिकवीन, जे अडेल ते तुम्ही मला विचारा, मी मध्ये उभी आहे.

थोड्या वेळानं गिरिजम्मा दारात आल्या. त्यांनी आधी शिवांगीला हातानं बोलावलं. मग शेषेरावांकडं बघून त्यांनी काहीतरी विचारलं. शेषेराव गोंधळून उभे राहिले. त्यांनी साखराबाईकडं बघितलं.

"जेवन झालं का, विचारत्यात," साखराबाई म्हणाली. "आन म्हनत्यात, तुझा नवरा मुका हाय का."

पोरीचं सामान माडीवर चढलं. खोलीच्या खिडकीतून खाली सुपारीची बाग आणि समोर एकामागं एक निळे होत गेलेले डोंगर दिसत होते. गिरिजम्मांनी त्या रात्री कुणाला लॉजवर जाऊ दिलं नाही. तांदळाच्या भाकरी केल्या, त्या साखराबाईनं थापल्या आणि पातळ होत नाहीत म्हणून गिरिजम्मांची बोलणी खाल्ली. सोमवारी शिवांगी बँकेत हजर होणार होती, तोवर सगळे तिथंच राहिले.

रविवारी संध्याकाळी हरिओमनं त्यांना आगुंब्याला नेलं. तिथं डोंगर संपतो आणि जमीन एकदम खाली पडते. लांबवर, निवळ असेल तर समुद्र दिसतो म्हणतात. त्या दिवशी समुद्र दिसला नाही, पण आभाळ दिसलं. इतक्या दिवसांनी एवढं आभाळ बघून शेषेरावांनी छाती भरून श्वास घेतला. बहीणभाऊ फोटो काढायला पुढं गेले. नवराबायको दगडी कठड्यावर बसले. खाली जंगलावर एकेक डोंगर उन्हातून सावलीत जात होता.

शेषेरावांनी विचारलं, "एवढं बोलायला होतं तुझ्याजवळ, मग घरात का न्हाई बोललीस?"

साखराबाई म्हणाली, "मराठीत बोलायचं म्हंजी डोक्यावर घागर घिऊन चालल्यावानी वाटायचं. सांडंल का, सांडंल का. कानडीत मी मोकळ्या हातानं चालते."

"आता बी तसंच वाटतं?"

"आता न्हाई. आता मराठी बी माजीच हाय. लेकरं मराठीतच निजवली की मी." ती म्हणाली. "पर सवय ऱ्हायली, गप बसायची."

शेषेराव तिच्याकडं वळून बसले. मग ते म्हणाले, "मला सांग कायतरी त्या भाषेत."

"तुमाला कुठं कळतंय?"

"न कळू दे. ऐकतो."

तिनं इकडंतिकडं बघितलं, पदर गुडघ्यावर ओढून घेतला आणि समोरच्या डोंगरांकडं बघत ती बोलायला लागली. बराच वेळ बोलली. कधी हळू, कधी भरभर. मध्ये एकदा तिचा आवाज भरून आला, एकदा तिला हसू आलं. एका जागी शेषेरावांना आपल्या आईचं नाव ऐकू आलं, एका जागी आपलं. बाकी काही कळलं नाही. ते हलले नाहीत, मध्ये बोलले नाहीत. ऊन पार उतरून गेलं तेव्हा तिचं बोलणं संपलं.

"काय म्हनालीस?" त्यांनी विचारलं.

"समदं सांगायचं नसतं," ती म्हणाली आणि उठली. पण उतरताना पायऱ्या निसरड्या होत्या, तिथं तिनं त्यांचा दंड धरला, आणि पोरांच्या देखत शेवटपर्यंत सोडला नाही.

सोमवारी शिवांगीला बँकेच्या दारात सोडलं. शेषेरावांनी तिला पाणी उकळून पी, ओल्यात चप्पल घालून फिरू नको, अशी सगळी वर्षानुवर्षांची सांगणी पुन्हा सांगितली. ती आत गेली आणि ते रस्त्यावर तसेच उभे राहिले. मग रुमाल काढून त्यांनी उगाच चष्मा पुसला. बदलीचा विषय त्यांनी परतीच्या प्रवासात काढला नाही. हरिओमनं आपणहून काढला तर म्हणाले, राहू दे, बघू पुढं.

घरी आल्यावर साखराबाईचा फोन हा संध्याकाळचा नेमच झाला. दिवाबत्ती झाली की ती ओट्यावर बसायची, पलीकडं शिवांगी. ही एक वाक्य सांगायची, ती म्हणायची. शिवांगी चुकायची, बाईचा बाप्या करायची, आणि साखराबाई तिला हसायची नाही. मग फोन गिरिजम्मांकडं जायचा आणि दोघींच्या गप्पा रंगायच्या, पिकाच्या, सांध्यांच्या, सुनांच्या. गल्लीतल्या बायांना आधी नवल वाटलं, मग त्याही ऐकायला येऊन बसायला लागल्या. आणि गंमत अशी की कानडीत मोकळी झालेली साखराबाई मराठीतही बोलायला लागली. कुणाची सून कशी, कुणाचा बैल कसा, यावर ती आपलं मत द्यायची, तेही ठणकावून. शेषेरावांना कधी कधी पेपर वाचायला आत जावं लागायचं.

ते स्वतःही जवळ बसून चार शब्द शिकले होते. हौदु म्हणजे हो. साकु म्हणजे पुरे. मळे म्हणजे पाऊस. चैत्रात एक दिवस साखराबाई भाजी आणायला गेली होती आणि फोन घरात वाजला. गिरिजम्मांचा होता. शेषेरावांनी धीर करून उचलला. गिरिजम्मा भरभरून बोलत होत्या आणि त्यांचा आवाज फार आनंदात होता. एवढ्या आनंदाला नाही कसं म्हणायचं, म्हणून शेषेराव प्रत्येक ठिकाणी हौदु म्हणत गेले. शेवटी गिरिजम्मा हसल्या, त्यांनी फोन ठेवला, आणि शेषेरावांना आपण निभावून नेलं असं वाटून मोठं समाधान झालं.

संध्याकाळी उलगडा झाला. गिरिजम्मांच्या नातीचं लग्न ठरलं होतं, वैशाखात, तिथं डोंगरातच. रेणापूरकरांनी सगळ्यांनी, सुनेला आणि लहानग्याला घेऊन, आधीच येऊन राहायचं, हे शेषेरावांनी कबूल केलं होतं. मुलीकडचे वडीलधारे म्हणून पंगतीत वाढायला उभं राहायचं, हेही कबूल केलं होतं. साखराबाई फोनवर हे ऐकता ऐकता इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं.

शेषेराव जरा वेळ ओशाळून बसले. मग त्यांनी हरिओमला फोन करून गाडीची सर्व्हिसिंग करून घ्यायला सांगितलं. आणि फोन ठेवल्यावर बायकोला विचारलं की तिकडं वाढताना काय म्हणतात.

"इन्नू स्वल्प," साखराबाई म्हणाली. "म्हंजी, अजून थोडं घ्या."

शेषेराव आतून पळी आणि रिकामं पातेलं घेऊन आले आणि ओट्यावर बसलेल्या बायांसमोरून वाकून एकेक पाऊल टाकत निघाले. इन्नू स्वल्प, इन्नू स्वल्प. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. साखराबाईनं त्यांना दोनदा थांबवलं आणि शब्द कुठं लांबवायचा ते नीट म्हणून दाखवलं.